ज्वालामुखीच्या बेटाजवळचे भूकंप घरबसल्या कसे वाचायचे : आकडा नको, चाल बघा

२०२५ च्या फेब्रुवारीत माझा भाचा बोटीवर होता, ग्रीसच्या समुद्रात, आणि इकडं सोलापुरात ताईची झोप उडालेली. सँटोरिनी बेटाच्या बाजूला रोज शेकडो भूकंप होत होते, टीव्हीवर दिवसभर लाल पट्ट्या, फॅमिली ग्रुपवर "बेट बुडणार" असले फॉरवर्ड, आणि रात्री अकराला ताईचा फोन ठरलेला. "अगं आज पाचाच्या वर गेलाय म्हणं, आता फुटतंय का काय ते? काय करू, झोपच लागंना." मी एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघते, भूगर्भाचं शिक्षण नाही, पण २०११ साली स्पेनच्या एल हिएरो बेटाखाली भूकंप सुरू झाले तेव्हापासून असे तक्ते आणि ग्राफ रोज रात्री बघायची सवय लागलीय मला. त्या महिन्यात ताईला फोनवर तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं तेच इथं नीट लिहून काढते, कारण ज्याचं माणूस अशा ठिकाणी असतंय त्याला बातमीतला एक आकडा पुरत नाही, उलट त्यानं जीव जास्त टांगणीला लागतो.

आमच्या माहेरी, सोलापूरच्या पूर्व भागात, घराच्या मागच्याच खोलीत चार माग होते. वडील पुढच्या खोलीत चहा पीत बसलेले असायचे आणि मधेच कप खाली ठेवून म्हणायचे, तीन नंबरचा धोटा नीट जाईना, जा जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलवून आण. आम्हा पोरींना काही फरक कळायचा नाही, आमच्यासाठी खटाखट ती खटाखट. वडिलांना आवाज किती मोठा आहे यावरनं कळत नव्हतं, चाल बदलली की कळत होतं. ज्वालामुखीचे भूकंप वाचायचे ते असेच, किती मोठा झाला हे नंतर, आधी चाल बदलली का ते बघायचं.

आकड्यावर का जायचं नाही ते दोन बेटांवरनं सांगते. सँटोरिनीला १० फेब्रुवारी २०२५ ला ५.३ चा धक्का बसला, दहा हजाराच्या वर लोक बेट सोडून गेले, नंतर शास्त्रज्ञांनी मोजले तर त्या काही आठवड्यांत लहानमोठे मिळून २५ हजाराच्या वर भूकंप निघाले, आणि उद्रेक झाला नाही. खालचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला दगड, आडवा सरकत गेला आणि समुद्राच्या तळाखाली काही किलोमीटरवर थांबला. याउलट ला पाल्मा, तेपण स्पेनचंच बेट. तिथं ११ सप्टेंबर २०२१ ला भूकंपांचा थवा सुरू झाला, मोठ्यातला मोठा धक्कासुद्धा ५ पर्यंत पोचला नव्हता, आणि आठव्या दिवशी, १९ सप्टेंबरला दुपारी डोंगर फुटला, पुढं ८५ दिवस लाव्हा वाहिला, हजाराच्या वर घरं गाडली गेली. म्हणजे जास्त आकडा तिथं काही नाही आणि कमी आकडा तिथं उद्रेक. हे एकदा डोक्यात बसलं की बातमीतल्या "५.३ ने हादरलं" वर तुम्ही अडकून राहणार नाही.

आता सुरुवात कुठनं करायची. ज्या देशाचं बेट त्या देशाची सरकारी संस्था शोधायची, तिची भूकंपाची यादी उघडायची, बास. स्पेनची बेटं असतील तर आयजीएन, ग्रीस असेल तर अथेन्सच्या वेधशाळेची भूगतिकी संस्था, इटलीला आयएनजीव्ही, आइसलँडला त्यांचं हवामान खातं, हवाई बेटांना अमेरिकेची यूएसजीएस. बरीचशी पानं इंग्रजीत पण असतात, नसली तरी तक्ता आहे तो, भाषा फारशी लागत नाही. सगळ्या जगाची मिळून यादी देणाऱ्या साइट आहेत, ईएमएससी त्यातली चांगली, पण तिथं लहान भूकंप गाळले जातात आणि आपल्याला तर लहानच बघायचेत. ज्वालामुखीची गोष्ट दीड-दोनच्या धक्क्यांत जास्त असते.

यादीत एक एक ओळ म्हणजे एक भूकंप. समजा ओळीत लिहिलंय वेळ १९:०५, अक्षांश, रेखांश, खोली १० किमी, तीव्रता ३.१. पहिली चूक सगळ्यांची होते ती वेळेची. वेळ बहुतेक ठिकाणी यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ असते, आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे हा धक्का आपल्याकडं रात्री १२ वाजून ३५ मिनिटांनी, तारीखसुद्धा बदलली. काही पानांवर स्थानिक वेळ असते, ग्रीस थंडीत यूटीसीच्या दोन तास पुढं आणि उन्हाळ्यात तीन. ताई एकाच धक्क्याला दोन वेळा धरून बसायची कारण एका ठिकाणी यूटीसी आणि दुसऱ्या ठिकाणी ग्रीसची वेळ, आणि तीव्रतापण ५.१ आणि ५.३ अशी वेगळी, तिला वाटायचं दोन भूकंप झाले. तीव्रता मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत म्हणून दोन संस्थांच्या आकड्यात ०.२-०.३ चा फरक रोजचाच, त्याचं काही नाही. फक्त एक नियम पाळा, एका संस्थेची यादी धरली की शेवटपर्यंत तीच धरायची, आज हिची उद्या तिची असं केलं की चालच कळत नाही.

तीव्रतेबद्दल अजून एक. एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट. म्हणजे ५ चा एक धक्का म्हणजे २ चे सुमारे ३० हजार धक्के. म्हणून "बारीक बारीक होऊन जाऊ दे, प्रेशर निघून जाईल" हे जे सगळे म्हणतात त्याला काही अर्थ नाही, बारक्यांनी मोठ्याची ऊर्जा संपत नाही. आणि तक्त्यात कधी कधी तीव्रता वजा दिसेल, ती टायपिंगची चूक नाही, फार बारीक भूकंप तसेच मोजले जातात.

खोलीवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीपण घालवा, कारण खोलीतच लोक सगळ्यात जास्त फसतात. ओळीनं दहा भूकंप बरोबर १० किमीवर दिसले तर समजायचं की ती खोली मोजलेलीच नाही, कॉम्प्युटरला अंदाज लागला नाही म्हणून त्यानं ठरलेला आकडा टाकून दिला. ५ किंवा ३३ असे आकडे पण तसेच येतात. बेटांच्या बाबतीत हा घोळ जास्त, कारण यंत्रं सगळी जमिनीवर आणि भूकंप समुद्राखाली, म्हणजे ऐकणारे सगळे एकाच बाजूला. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या एकाच कोपऱ्यात उभं राहून कुठल्या पाळण्याचा भोंगा वाजतोय ते डोळे मिटून सांगा बघू, दिशा साधारण कळेल पण अंतर नाही. सँटोरिनीचे भूकंप बेटाखाली कमी आणि अमोर्गोस बेटाच्या बाजूला भर समुद्रात जास्त होते, म्हणून पहिल्या दिवसांत खोलीचे आकडे पुढंमागं होत होते. तक्त्यात किती स्टेशननी नोंदवला आणि चूक किती असू शकते याचे रकाने असतील तर ते बघा, पाच-सहा स्टेशनवर निघालेली खोली आणि तीस स्टेशनवर निघालेली खोली यात फार फरक आहे.

आणि आपोआप निघालेली ओळ आणि माणसानं तपासलेली ओळ वेगळी असते. पहिल्या काही मिनिटांत येतो तो आकडा मशीनचा, मग ड्युटीवरचा माणूस लाटा बघून दुरुस्त करतो, कधी ओळच गायब होते. तेव्हा "लपवालेत हे लोक" असं ओरडू नका, दुरुस्ती झालीय ती. म्हणून मी रात्रीचा स्क्रीनशॉट कधीच पुढं पाठवत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी यादी बघूनच वहीत लिहिते.

हो, वही. मोबाईलमध्ये नाही, कागदाची वही, हिशोबाची असते तसली आडव्या-उभ्या रेघांची. रोज एक ओळ लिहायची : किती झाले, कुठं झाले, किती खोल, आणि लाटेचा प्रकार कुठला (तो पुढं ग्राफमध्ये सांगते). मोजताना एक खालची हद्द ठरवून घ्या, समजा १.५ च्या वरचेच मोजायचे, कारण रात्री वारा आणि गाड्या कमी असल्या की यंत्राला बारीक भूकंप जास्त ऐकू येतात आणि रात्री भूकंप वाढलेत असं उगीच वाटतं. वाऱ्याच्या दिवशी उलट, यादी छोटी दिसते. हद्द ठरवली की हा घोळ बराच जातो.

ही चार रकान्यांची वही कशी बोलते ते मला एल हिएरोनं शिकवलं. जुलै २०११ मध्ये तिथं भूकंप सुरू झाले, बेटाच्या उत्तरेला, एल गोल्फोच्या बाजूला. रोज दहा, वीस, पन्नास, शंभर, कधी जास्त, बहुतेक लोकांना जाणवायचे पण नाहीत इतके बारीक. दोन महिने हेच. मग सप्टेंबरच्या शेवटाला ठिपके नकाशावर दक्षिणेला सरकायला लागले, तीव्रता वाढायला लागली, ८ ऑक्टोबरला ४ च्या वरचा एक धक्का झाला आणि १० ऑक्टोबरला बेटाच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी उद्रेक सुरू झाला. तोपर्यंत दहा हजाराच्या वर भूकंप झाले होते. ला रेस्टिंगा नावाचं मच्छीमारांचं गाव रिकामं करावं लागलं, समुद्राच्या पाण्यावर हिरवट डाग पसरला, आणि पाण्यावर वाफाळणारे दगड तरंगत आले, बाहेरनं काळे आणि आतनं पांढरे. आता माझ्या वहीत काय दिसत होतं, "किती" हा रकाना वरखाली होत होता त्यावरनं काही कळत नव्हतं, खोलीपण बरेच दिवस १०-१५ किमीच्या आसपासच रेंगाळत होती, पण "कुठं" हा रकाना रोज नकाशावर थोडा थोडा खाली, खाली, दक्षिणेला. चाल तिथं होती. ला पाल्मात मात्र खोलीच्या रकान्यातच दिसली, १०-१२ किमीवरनं सुरुवात होऊन आठवड्याभरात वर वर. म्हणून कुठला एक रकाना धरून बसू नका, चारपैकी कुठला हलतोय ते बघा, आणि दोन-तीन रकाने एकाच दिशेनं हलायला लागले तर लक्ष वाढवा.

ठिपके सरकतात म्हणजे काय तर खालचा वितळलेला दगड, मॅग्मा, खडकात भेग पाडत वाट काढतोय आणि त्याच्या तोंडापाशी खडक तुटतोय. आपल्या किल्लारीसारख्या भूकंपात तसं नसतं, तिथं एक मोठा धक्का होतो आणि मग त्याच्यामागनं बारके, दिवसेंदिवस कमी होत जातात. ज्वालामुखीच्या थव्यात असा एक म्होरक्या नसतो, सगळे साधारण सारखे, वाढतात, थांबतात, परत वाढतात. दोन्हींची यादी शेजारी शेजारी ठेवून बघितली की आकार लगेच ओळखू येतो.

आता ग्राफ. यादीपेक्षा लोक ग्राफला जास्त घाबरतात, आणि त्याला कारण आहे, दिसायलाच भीतीदायक असतो. दिवसभराचा ग्राफ म्हणजे एकाखाली एक आडव्या रेघा, एक रेघ दहा मिनिटांची, पंधरा मिनिटांची किंवा तासाची, डावीकडनं उजवीकडं वाचायची आणि मग खालच्या ओळीवर यायचं, पुस्तकासारखं. रेघांना निळा, लाल, हिरवा, काळा असे रंग असतात, ते फक्त एक रेघ दुसरीत मिसळू नये म्हणून. लाल म्हणजे धोका नाही. हे ठळक करून सांगते कारण ताईनं मला लाल रेघ गोल करून पाठवली होती आणि त्या रात्री ती खरंच रडली होती.

दुसरी गोष्ट, ग्राफचं प्रमाण बघा. काही ठिकाणी कॉम्प्युटर दिवसातल्या सगळ्यात मोठ्या हालचालीप्रमाणं ग्राफ आपोआप ताणतो, मग शांत दिवस असला तरी वाऱ्याच्या साध्या थरथरीनं पान काळं होऊन जातं, आणि मोठा धक्का असला तर बाकी सगळं सपाट दिसतं. कालचा आणि आजचा ग्राफ एकाच प्रमाणावर आहेत का हे बघितल्याशिवाय तुलना करू नका.

ग्राफवर आकार तीनच ओळखायला शिका, बाकीचं नंतर. एक, खडक तुटल्याचा धक्का : एकदम सुरुवात, टोकदार, मग मोठा झुबका, मग विरत जातो. यात आधी पी लाट येते आणि मागनं एस लाट, दोघींमधलं अंतर सेकंदात मोजा आणि आठनं गुणा, भूकंप त्या स्टेशनपासून साधारण किती किलोमीटरवर आहे ते निघतं. तीन सेकंद तर २४ किमी. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी घरात सगळ्यांना बोलवून दाखवलं. दोन, लांब लाटेचा धक्का : हळूच सुरू होतो, सुरुवात कुठं ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि शेपूट लांब. हा खडक तुटल्यानं नाही, भेगेतल्या पाणी-वायू-मॅग्माच्या हालचालीनं, नळात हवा अडकल्यावर पाइप घुमतो ना तसा. तीन, थरथर, तिला ट्रेमर म्हणतात : सुरुवात नाही शेवट नाही, तासन् तास रेघ जाडच. एल हिएरोला १० ऑक्टोबरला तेच झालं, सुटे सुटे धक्के होते तिथं एकदम सलग जाड पट्टा सुरू झाला, सगळ्या स्टेशनवर.

ट्रेमर शब्दानं समजत नाही म्हणून मी ताईला अक्कलकोट रोडच्या आमच्या चुलतभावाच्या कारखान्यात घेऊन गेले. मोबाईलवर फायफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे, त्यात फोनच्या आतलं हादरे मोजणारं सेन्सर दिसतं. फोन मागापासून हातभर लांब फरशीवर ठेवला, सगळे माग बंद, रेघ सरळ. कामगारानं एक माग सुरू केला. साधा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिकं मारतो, पिक म्हणजे धोट्याची एक फेरी, म्हणजे सेकंदाला साधारण दोन ठोके, आणि अॅपमध्ये दोनच्या जागी उंच टोक आलं, मग चारला बारकं, सहाला अजून बारकं. मग दुसरा माग, तिसरा, सगळ्यांची चाल किंचित वेगळी, टोकं एकमेकांत मिसळली, पट्टा जाड झाला. ज्वालामुखीची थरथरपण सेकंदाला एक ते पाचाच्या आसपासच असते, म्हणजे आपल्या मागाच्या ठोक्याच्या जवळपास. मग मी त्याला सुताची गोणी खांद्यावरनं फरशीवर टाकायला सांगितली. धप्प, आणि सगळ्या पट्ट्यातनं एकच उंच काठी वर गेली, हा खडक तुटल्याचा धक्का. कोनाड्यात स्टीलचा तांब्या होता, त्यावर झाकलेलं फुलपात्र माग चालू असताना सारखं किणकिणत होतं आणि गोणी पडली तेव्हा एकदाच उडालं. ताई त्या फुलपात्राकडंच बघत होती. म्हणाली, कळलं, किणकिण वेगळी आणि उडणं वेगळं.

बऱ्याच संस्था रंगीत ग्राफ पण देतात, स्पेक्ट्रोग्राम म्हणतात त्याला, खालनं वर ठोक्यांचा वेग आणि रंग म्हणजे जोर. त्यात गोणी म्हणजे उभी काठी आणि माग म्हणजे खालच्या बाजूला आडवा पट्टा. एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ झालं.

फसवणारी कारणं भरपूर आहेत. वारा हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, रेघ केसाळ होते. समुद्र खवळला की अगदी संथ थरथर सगळ्या बेटावर वाढते, पाच-दहा सेकंदाला एक ठोका, ट्रेमरपेक्षा कितीतरी संथ, वादळ आलंय का ते हवामानाच्या नकाशात बघून घ्या. गाडी, माणूस, बकरी एकाच स्टेशनवर दिसते. खाणीतला सुरुंग दिवसाउजेडीच आणि बहुतेक ठरलेल्या वेळेला. मधेच रेघ एकदम सपाट म्हणजे स्टेशन बंद, ज्वालामुखी शांत झालेला नाही. आणि जगात कुठं लांब ७ चा भूकंप झाला की त्याच्या लाटा इथपर्यंत पोचतात, संथ मोठ्या लाटा बराच वेळ, सगळ्या स्टेशनवर एकदम, लोक त्यालाच उद्रेक समजून बसतात. जगाच्या यादीत तो भूकंप बघितला की दोन मिनिटांत खुलासा. नियम एकच, कुठलीही गोष्ट किमान तीन स्टेशनवर दिसल्याशिवाय ती झाली असं धरायचं नाही.

भूकंपाबरोबर अजून दोन गोष्टी बघायच्याच. एक जमीन किती उचलली गेली, त्याचे जीपीएसचे ग्राफ असतात, ला पाल्माला उद्रेकाच्या आधी दहा सेंटिमीटरच्या वर उचलली गेली होती. दुसरं गंधकाचे वायू वाढले का. भूकंप आहेत पण जमीन उचलली जात नाही, वायू नाही, तर बऱ्याच वेळा खाली साधी भेग सरकत असते.

आणि सरकारी इशाऱ्याची पातळी, हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. तुमचं माणूस तिथं असेल तर त्यानं ऐकायचं ते याच इशाऱ्याचं आणि तिथल्या यंत्रणेचं, तुमच्या-माझ्या वहीचं नाही. पण रंगाचापण अर्थ समजून घ्या. ला पाल्मा फुटलं तेव्हा पातळी पिवळीच होती, लाल नंतर झाली. तरी ज्यांना चालता येत नाही अशा लोकांना त्याच दिवशी सकाळपासून हलवायला सुरुवात झाली होती. म्हणजे पिवळा म्हणजे "काही नाही" असं नसतंय, पिवळा म्हणजे बॅग भरून ठेवा, कागदपत्रं एका जागी ठेवा, आजारी-म्हातारी माणसं आधी हलवा.

ग्राफ शांत म्हणजे बेट सुरक्षित, हे तर कधीच धरू नका. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलँडवर ९ डिसेंबर २०१९ ला पर्यटक फिरत असताना वाफेचा स्फोट झाला, ४७ माणसं होती, २२ गेली. वाफेच्या स्फोटाला आधी हजारो भूकंप लागतातच असं नाही. आणि इंडोनेशियात २२ डिसेंबर २०१८ ला अनाक क्राकाताऊचा एक कडा समुद्रात कोसळला, त्सुनामी आली, चारशेच्या वर माणसं गेली, आणि आधी कुठला मोठा भूकंप नव्हता म्हणून किनाऱ्यावर इशारा वाजलाच नाही. बेटाच्या बाबतीत समुद्र हा वेगळा धोका, तो भूकंपाच्या तक्त्यात दिसत नाही. भाच्याला मी हेच लिहून पाठवलं होतं, किनाऱ्याला असलास आणि पाणी विचित्र मागं गेलं तर कुणाला विचारत बसू नको, चढावर पळ.

फॉरवर्डबद्दल मनापासून सांगायचंय. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आदल्या रात्री गणपती विसर्जन, सगळे दमून झोपलेले. सोलापुरात घरं हलली, भांडी पडली, गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही बाहेरच झोपलो आणि रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन सांगायचं, आज रात्री दोनला परत येणार, रेडिओवर सांगितलंय. रेडिओवर कुणी सांगितलेलं नसायचं. आजी रात्रभर माळ ओढत बसायची. भूकंप अमुक वाजता येणार हे जगात कुणीच सांगू शकत नाही, आणि ज्वालामुखीचापण दिवस-वेळ ठरवून सांगता येत नाही, शक्यता वाढली एवढंच सांगता येतं. किल्लारीलासुद्धा १९९२ मध्ये बारके धक्के बसून गेले होते, मग शांत झालं, आणि वर्षानं ते झालं. त्यामुळं वहीवरनं तुम्हाला काही वाटलं तरी "उद्या फुटणार" असं कुणाला लिहू नका. लिहायचंच असेल तर असं लिहा : या संस्थेच्या यादीप्रमाणं, या तारखेला, १.५ च्या वरचे एवढे, जागा अशी सरकतीय, सरकारी पातळी ही. बास.

सराव घरचाच करा. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं भूकंप (BhooKamp) नावाचं अॅप आहे, त्यात कोयनेच्या बाजूचे धक्के अधूनमधून येत राहतात, १९६७ च्या ११ डिसेंबरच्या त्या मोठ्या भूकंपापासून तो भाग शांत झालेलाच नाही. तिथल्या ओळी वाचून वेळ, खोली, तीव्रता याचा हात बसवा. मग अंदमानच्या बाजूच्या ओळी बघा. तिथं आपल्या देशाचा एकमेव जागता ज्वालामुखी आहे, बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) साधारण १४० किमीवर, साधारण दीडशे वर्षं गप्प राहून १९९१ ला परत जागा झाला आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्येपण त्यानं धूर-राख काढली. पण अंदमानच्या यादीतला प्रत्येक धक्का बॅरनचा नसतो, तिथं पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट, म्हणजे मोठा तुकडा, दुसरीखाली जाते त्याचे भूकंप कितीतरी जास्त, अंतर मोजून मगच नाव जोडा. आणि मला नेहमी वाटतं, आपण सोलापूरकर उभे कशावर आहोत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावरच की, ही काळी माती त्याच दगडाची झालेली. आपल्याला हा विषय परका नाहीच.

सगळ्यात महत्त्वाचं, बेट शांत असतानाच ते धरा आणि महिनाभर रोज पाच मिनिटं बघा. शांत दिवशी त्याची रेघ कशी दिसते हे माहीत नसेल तर बिघडलेली कशी ओळखणार. काही ज्वालामुखींचं शांत म्हणजेसुद्धा भरपूर आवाज असतो, इटलीचं स्ट्रोम्बोली बेट तर दर थोड्या थोड्या वेळानं छोटे स्फोट करतच असतं, त्याच्या ग्राफवर दिवसभर झुबके दिसतात आणि ते त्याचं रोजचं आहे. दुसऱ्या कुठल्या बेटावर तसा ग्राफ आला तर धावपळ होईल.

भाचा आता दुसऱ्या बोटीवर आहे आणि ती बोट इटलीकडनं जाते म्हणून ताईनं स्ट्रोम्बोलीच धरलंय, तिची वेगळी वही आहे. परवा रात्री अकराला फोन आला, म्हणाली, आज एका स्टेशनची रेघ संध्याकाळपासून जाड झालीय. मी म्हटलं वारा असेल, दुसरी दोन स्टेशनं बघ. ती म्हणाली, बघितली की, ती सरळ आहेत, आणि तिकडं वारा सुटलाय ते पण बघितलंय, तुला नुसतं सांगायला फोन केला.